जपानमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी, आठवड्याला २९.५ तास. हा अर्धा कुठून आला?

तिखटमीठ
नमस्कार मंडळी. भाचीला जपानमध्ये नागोयाजवळच्या एका इंग्रजी संभाषण शाळेत नोकरी मिळतेय. तिकडे या शाळांना एइकाइवा म्हणतात. नेहमीची शाळा सुटल्यावर मुलं येतात, रात्री ऑफिसवाले येतात. पगार महिना २,४५,००० येन, मंगळवार ते शनिवार काम, एक वर्षाचा करार.

सगळं वाचून मी एकाच ओळीवर अडकले आहे. "कामाचे तास: आठवड्याला २९.५." तीस का नाही? भाची म्हणते, "मावशी, कमी तास आहेत तर तुला काय त्रास आहे?" बहीण म्हणते, एवढ्या कमी तासांना एवढा पगार म्हणजे फसवणूकच. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलंय. कुणी रक्कम एवढी जपून लिहिली की मला आधी वास येतो.

इथे कुणी परदेशात अशा शाळांमधून शिकवलंय का? प्रत्यक्षात किती तास भरतात?

नाममात्र
अर्धा तास देवाला सोडला असेल.

जपानी_जावई
ताई, तुमचं नाक चांगलं आहे.

जपानमध्ये पूर्ण वेळ नोकरी म्हणजे आठवड्याला ४० तास. जुना नियम असा की पूर्ण वेळ कर्मचाऱ्याच्या तीन चतुर्थांश तास कुणी काम करत असेल, तर त्याला शाकाई होकेनमध्ये घ्यावंच लागतं. म्हणजे नोकरदारांचा आरोग्य विमा आणि पेन्शन, आणि त्याचा निम्मा हप्ता मालकाने भरायचा. ४० चे तीन चतुर्थांश ३०. आता २९.५ कुठून आले ते समजलं असेल. हा आकडा एइकाइवावाल्यांचा इतका लाडका आहे की आम्ही परदेशी शिक्षक एकमेकांना "तू पण साडेएकोणतीसवाला का?" असं विचारायचो.

पण आता ही पळवाट पूर्वीइतकी मोकळी नाही. ऑक्टोबर २०१६ पासून ५०० हून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना २० तासांची अट (आठवड्याला २० तास भरले तरी विमा) लागू झाली, ऑक्टोबर २०२२ पासून १०० हून जास्त असलेल्यांना, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ५० हून जास्त असलेल्यांना. मोठ्या साखळीतली शाळा असेल तर २९.५ लिहून काही फायदा नाही, विमा द्यावाच लागतो. लहान शाळा असेल तर मात्र तुमची शंका रास्त आहे. किती माणसं आहेत तिथे?

आयटीहमाल
मी रोज ११ तास काम करतो, वर शनिवारी फोन. आठवड्याला तीस तास कामाला नोकरी नाही, सुट्टी म्हणतात. जाऊ द्या भाचीला. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

खडूफळा
@आयटीहमाल, तीस तास काम आणि तीस तास शिकवणं यात फरक आहे. तुमच्या अकरा तासांत चहा, मीटिंगमध्ये म्यूटवर बसणं, हा धागा वाचणं सगळं येतं. मुलांसमोर उभं राहिल्यावर म्यूट नसतं.

मी २०१७-१८ मध्ये कोरियात हागवॉनमध्ये होते. हागवॉन म्हणजे शाळेनंतरचे खासगी वर्ग, आमचा फक्त इंग्रजीचा होता. (माझा पासपोर्ट अमेरिकन. मराठी आईची, म्हणून शुद्धलेखनाला माफी असावी.) करारात लिहिलं होतं, "आठवड्याला ३० शिकवण्याचे तास". मी मनात गणित केलं: दिवसाला सहा तास, सहा वर्ग. पोचल्यावर वेळापत्रक हातात आलं तर दिवसाला नऊ वर्ग! एक वर्ग ४० मिनिटांचा. नऊ गुणिले पाच पंचेचाळीस, पंचेचाळीस चाळीसे अठराशे मिनिटं, म्हणजे बरोब्बर तीस तास. कागदावर एक मिनिट इकडचं तिकडे नाही. पण पंचेचाळीस वेळा दार उघडायचं, पंचेचाळीस वेळा हजेरी, पंचेचाळीस वेळा "हॅलो टीचर", आणि प्रत्येक वर्गाच्या वह्या वेगळ्या. महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलाचा अहवाल लिहायचा, तो यात कुठेच धरलेला नाही.

सकाळी ९:३० ला बालवर्ग, दुपारी प्राथमिकची मुलं, ६:३० ला सुटका. जेवणाची सुट्टी बालवर्गाच्या मुलांबरोबर, म्हणजे त्यांचे डबे उघडून द्यायचे. कोरियाच्या कायद्यात चार तासांना अर्धा तास आणि आठ तासांना एक तास विश्रांती आहे. ही विश्रांती मी पंचवीस मुलांच्या किमचीच्या डब्यांची झाकणं उघडत घेतली.

नाममात्र
"हॅलो टीचर" गुणिले ४५. मला ऐकूनच घसा बसल्यासारखं झालं.

सोनचाफा
वाचतेय. खडूफळा, भारतीय पासपोर्टवर कोरियात अशी नोकरी मिळते का? मुलगी विचारतेय.

खडूफळा
@सोनचाफा, हागवॉनमध्ये नाही. तिथला इ-२ व्हिसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरियाचा व्यापार करार २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीय शिक्षकांना शाळांमध्ये इंग्रजीचे सहाय्यक म्हणून घ्यायची वाट आहे, पण तिला शिक्षकाची पात्रता लागते आणि हागवॉन त्यात येत नाहीत.

जपानी_जावई
जपान या बाबतीत मोकळा आहे. एइकाइवासाठी जो व्हिसा लागतो त्यात पासपोर्टचा देश बघत नाहीत, पदवी बघतात. नेहमीच्या शाळांमध्ये शिकवायचा व्हिसा वेगळा. त्याला त्या भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं लागतं. इंग्रजी माध्यमवाल्यांचं तिथेही जमू शकतं. सरकार अडवत नाही. शाळा अडवतात, त्यांना जाहिरातीच्या फोटोत सोनेरी केस हवे असतात.

शिंचूचा_पाहुणा
तैवानचं थोडं. मी शिंचूला पीएचडी करत होतो, खोलीतला जोडीदार दक्षिण आफ्रिकेचा आणि बुशिबानमध्ये शिकवायचा. बुशिबान म्हणजे तिकडचे शाळेनंतरचे वर्ग. त्याची तक्रार याच्या बरोब्बर उलटी, तास पुरत नाहीत! तिथे पगार तासावर. कामाचा परवाना टिकवायला आठवड्याला किमान १४ तास लागतात, आणि शाळा १४ चं वचन देऊन मोकळी होते. मुलं चारला शाळेतून सुटतात, नऊला घरी जातात. विकण्याजोगे तास तेवढेच, आणि त्यावर सगळे शिक्षक टपलेले.

टायफूनची सुट्टी जाहीर झाली की आम्ही विद्यार्थी नाचायचो. हा खिडकीत बसून पावसाकडे बघत बुडालेले पैसे मोजायचा. चांद्र नववर्षाच्या सुट्टीत तर पूर्ण उपास. त्याने दुसऱ्या बुशिबानमध्ये तास घेतले, दोन्हींच्या मध्ये पाऊण तास स्कूटर. तो पाऊण तास कुणाच्याच हिशेबात नाही.

आयटीहमाल
@खडूफळा, म्यूटवाला टोमणा पोचला. पण माझा मुद्दा कायम. दुपारी एकला सुरू होणारी नोकरी म्हणजे सकाळ मोकळी. किती जणांना सकाळ मिळते?

पहाटपक्षी
सकाळ मोकळी हे ऐकायला छान आहे. मी अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर राहते. मुलगा लहान असताना चीनमधल्या मुलांना घरून ऑनलाइन इंग्रजी शिकवायचे. त्यांची संध्याकाळ सहा ते नऊ, म्हणजे हिवाळ्यात माझे पहाटेचे पाच ते आठ. चारला उठायचं, केस विंचरायचे, कमरेवर नारिंगी टीशर्ट आणि कमरेखाली पायजमा, आणि चेहऱ्यावर असा उत्साह की जणू सूर्य माझ्याच घरातून निघतोय. २५ मिनिटांचा वर्ग, पाच मिनिटं मोकळी. त्या पाच मिनिटांत आधीच्या मुलाचा अभिप्राय लिहायचा, पाणी प्यायचं, पुढचा धडा उघडायचा. पैसे २५ मिनिटांचेच.

आणि मग जुलै २०२१. चीन सरकारने "दुहेरी भार कमी" करण्याचं धोरण आणलं. मुलांवर गृहपाठाचा आणि खासगी वर्गांचा असा दोन्ही भार आहे, तो हलका करायचा म्हणून. शालेय विषयांच्या वर्गांना शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत बंदी, नफा कमवायला बंदी, प्रत्यक्ष वर्ग रात्री साडेआठला आणि ऑनलाइन नऊला बंद. परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घ्यायलाही बंदी. काही आठवड्यांत माझं वेळापत्रक रिकामं झालं. एका मुलीचा निरोपही घेता आला नाही, ती "व" चा उच्चार शिकत होती.

गुरुजीनव्हे
धागा मोठा झालाय म्हणून एक विचारतो. सगळे शिक्षकांच्या तासांचं रडताहेत. ती मुलं किती तास काम करताहेत? सकाळी आठला शाळा, मग इंग्रजी, मग गणित, मग घरी गृहपाठ. त्यांना जादा कामाचा भत्ता कोण देणार?

खडूफळा
@गुरुजीनव्हे, हे मनापासून पटतं. सोलमध्ये म्हणून तर रात्री दहानंतर हागवॉन चालवायला बंदी आहे. काही पालक-चालक कोर्टात गेले, पण २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने बंदी कायम ठेवली. त्याच वर्षी सरकारने नियम मोडणाऱ्यांची खबर देणाऱ्यांना बक्षीस ठेवलं, तर लोकांनी कॅमेरे घेऊन तोच धंदा सुरू केला! त्यांना पापाराझीच्या चालीवर हाकपाराझी म्हणत.

माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी दिवसाच्या शेवटच्या वर्गात रोज झोपायची. मी उठवायचे नाही. मॅनेजर काचेतून बघायची, म्हणून त्या मुलीच्या हातात पेन्सिल तेवढी धरून ठेवायचे.

नाममात्र
(या प्रतिसादावर विनोद सुचत नाहीये.)

तिखटमीठ
सगळ्यांचे आभार. जावईबापू, विचारून घेतलं: चार शाखा, सगळे मिळून वीसेक माणसं. म्हणजे ५० च्या बरीच खाली.

आणि काल भाचीकडून करार पूर्ण मागवून वाचला. हजेरी १३:०० ते २१:००. जेवणाची सुट्टी एक तास. ४० मिनिटांचे आठ लेसन. "तयारी व नोंदी" रोज ३४ मिनिटं. आणि खाली बारीक अक्षरात: "लेसनमधील मध्यंतरे कामाच्या वेळेत धरली जाणार नाहीत." रोज आठ तास तिथे, गुणिले पाच. चाळीस होतात की हो!

कागदवाली
पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र. मी जपानमध्येच असते, कामगार कायद्याच्या कागदपत्रांची भाषांतरं करते. वकील नाही.

तुमचा हिशेब पुढे नेते. आठ तासांतून जेवणाचा तास वजा केला की ४२० मिनिटं. आठ लेसनची ३२०, नोंदींची ३४, झाली ३५४. पाच दिवसांची १७७०, म्हणजे २९.५ तास. उरली रोजची ६६ मिनिटं. ती "मध्यंतरे". २९.५ या आकड्याचा जन्म तिथे झालाय. मध्यंतरं धरली तर आठवड्याचे ३५ तास होतात. मग माणसं वीस असोत की दोनशे, तीन चतुर्थांशच्या वर गेल्यामुळे शाकाई होकेन लागू होतं. (एवढं गृहीत धरलंय की शाळा कंपनी म्हणून नोंदलेली आहे आणि तिथल्या पूर्ण वेळ माणसाचा आठवडा ४० तासांचा आहे.)

आता मध्यंतर काम आहे की नाही हे करारात काय लिहिलंय यावर ठरत नाही. २००० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने नागासाकीच्या गोदीतल्या कामगारांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. कामाचे कपडे आणि सुरक्षेची साधनं चढवायला लागणारा वेळ कामाचा का, असा वाद होता. न्यायालय म्हणालं, माणूस मालकाच्या हुकुमाखाली असेल तो वेळ कामाचा, करारात काहीही लिहा. म्हणजे भाचीने विचारायचं ते इतकंच: त्या ६६ मिनिटांत मी इमारतीबाहेर जाऊ शकते का? की मुलांना दारापर्यंत सोडायचं, पुढची मुलं आत घ्यायची, टेबल पुसायचं, पालकांशी बोलायचं?

आणखी एक. २९.५ च्या वर थोडं थांबवलं तर २५ टक्के जादा दर लगेच मिळेल असं समजू नका. कायद्याने तो दिवसाला आठ किंवा आठवड्याला चाळीस तासांच्या पुढे. त्याच्या आत जादा काम झालं तर साधा दर. तो मात्र द्यावाच लागतो.

जपानी_जावई
@कागदवाली, दंडवत. एवढी वर्षं २९.५ म्हणत आलो, गोदीचा खटला ठाऊक नव्हता.

विमा नसेल तर काय होतं तेही लिहितो. राष्ट्रीय आरोग्य विमा आणि राष्ट्रीय पेन्शन स्वतः भरायचं. पेन्शनच महिना साधारण १७-१८ हजार येन. शिवाय दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, तो आदल्या वर्षीच्या कमाईवर. पहिल्या वर्षी हातात बरे पैसे येतात, माणूस फिरतो, आणि दुसऱ्या जूनमध्ये पाकीट आलं की बसतो.

अवांतर: मंगळवार ते शनिवार म्हणजे सोमवारची सुट्टी ना? जपानने चार राष्ट्रीय सुट्ट्या मुद्दाम सोमवारी नेल्यात, लोकांना लांब शनिवार-रविवार मिळावा म्हणून. भाचीला त्या चारही लाभणार नाहीत, सोमवार तिचा आधीच मोकळा! फायदा एकच. रात्री नऊनंतर सुपरमार्केटात तयार जेवणावर निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात, आणि ती बरोबर त्याच वेळी सुटणार. मी तीन वर्षं त्यावर जगलो.

भटकभवानी
एवढं घाबरवू नका पोरीला. मी व्हिएतनाममध्ये दोन वर्षं भाषा केंद्रात शिकवलं, भारतीय पासपोर्टवर. आठवडाभर संध्याकाळी पावणेसहा ते नऊ, शनिवार-रविवार सकाळपासून. मधल्या दिवसांत दुपारी कुणी विचारत नाही. मी भाषा शिकले, पोहायला शिकले. शनिवारी सकाळचे वर्ग साडेअकराला संपायचे, पुढचे दुपारी दोनला, घर लांब. मग रिकाम्या वर्गात बाकं जोडून झोपायचं. आम्ही सगळे शिक्षक तसेच झोपायचो. तेही आठवतं आता.

अन्याय झाला तो तासांचा नाही, दराचा. माझ्याबरोबरच्या गोऱ्या मुलाला तेवढ्याच तासांना माझ्यापेक्षा जास्त मिळायचे, आणि त्याचं व्याकरण मी तपासायचे.

आयटीहमाल
ठीक आहे, मी सुट्टी हा शब्द मागे घेतो. पण ताई, असा एकेक मिनिटाचा हिशेब मागितला तर नोकरी देतील का? नवीन माणसाने एवढं ताणू नये.

कागदवाली
@आयटीहमाल, विचारणं म्हणजे ताणणं नाही. रुजू होताना कामाच्या वेळा आणि विश्रांती लेखी देणं हे मालकाचं कायद्याने कर्तव्य आहे. जी शाळा एका साध्या प्रश्नावर नोकरी काढून घेते, ती अकराव्या महिन्यात काय करेल?

खडूफळा
अकरावा महिना! कोरियात एक वर्ष पुरं झालं की एका महिन्याचा पगार सेवासमाप्तीचा म्हणून द्यावा लागतो. माझ्या एका सहकाऱ्याला अकराव्या महिन्याच्या शेवटी "पालकांच्या तक्रारी" अचानक सांगण्यात आल्या.

जपानी_जावई
आणि मोठं नाव म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये नोव्हा ही तेव्हाची सगळ्यात मोठी साखळी कोसळली. हजारो शिक्षकांचे पगार अडकले. काही जण विद्यार्थ्यांना जेवणाच्या बदल्यात इंग्रजी शिकवत होते. पदरी दोन-तीन महिन्यांचा खर्च असू द्या.

सोनचाफा
तिखटमीठ, पुढे काय झालं? दहा दिवस झाले, धागा वर काढतेय.

तिखटमीठ
सांगते. भाचीने मेल केला, अगदी नम्रपणे, कागदवालींच्या शब्दांत. चार दिवस काही नाही. बहिणीने मला फोन करून ऐकवलं, "तुझ्या त्या मंडळींमुळे पोरीची नोकरी गेली."

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मध्यंतर ही शिक्षकाची स्वतःची वेळ आहे, वाटेल ते करावं. आणि पुढच्याच ओळीत: "मात्र लहान मुलांच्या वर्गांना दारापर्यंत पोचवणे व पुढील वर्गाचे स्वागत करणे अपेक्षित आहे." मी ती ओळ तीनदा वाचली. एकाच पत्रात दोन्ही लिहून मोकळे झाले! करार बदललेला नाही. विम्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि भाची जातेय. एप्रिलच्या आत पोचायचंय. म्हणते, "मावशी, मला आधी तिथे पाय ठेवू दे, भांडण नंतर." तो मेल तिने छापून घेतलाय, रोजचे तास लिहायला एक वही घेतलीय. रहिवासी कराचं ऐकून मात्र तोंड उतरलं होतं. स्टिकरचं ऐकून परत खुललं.

कागदवाली
मेल छापला हे फार चांगलं केलं. त्यातली दुसरी ओळ त्यांनी स्वतःहून लिहून दिलीय, एवढं तिला सांगा. कामगार निरीक्षण कार्यालयांत काही ठिकाणी इंग्रजीतूनही सल्ला मिळतो.

जपानी_जावई
वहीत रोज पेनाने, त्याच दिवशी लिहायचं, महिन्याचं एकदम नाही. टाइमकार्ड असेल तर त्याचा रोज फोटो. आणि कुणाला पोचवायला दारापर्यंत गेली तेही, वेळेसकट.

नाममात्र
आणि निम्म्या किमतीत काय मिळालं तेही. धागा चालू ठेवा, ताई.